उशी खांद्याखाली

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, तेवढंच माझं शिक्षण. ही वही मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलीच तर चुकांबद्दल माफ करावं, आणि एखादा शब्द लागला नाही तर अंदाजाने वाचावा.

चार माणसांत बोलायला मला लहानपणापासून भीती वाटते. माझ्या लग्नात उखाणा घ्यायला उभी केली तर मी इतकी गप्प राहिले, की शेवटी नणंदेने माझ्यासाठी घेतला. म्हणून आमच्या नातवाच्या जन्माची गोष्ट आजवर माझ्या विहीणबाईच सगळ्यांना सांगत आल्या. हळदीकुंकू असो, देवळाची पायरी असो, त्या सुरू होतात : "माझ्या उशयेन वाचलो माझो नातू!" मी बाजूला बसून ऐकत आले. ते खोटं नाही. पण जसं झालं तसंही नाही. म्हणून लिहिते.

आम्ही मये गावचे. आमचे हे डिचोलीत एका गॅरेजवर कामाला आहेत. मी घरी गोधड्या शिवते. मुलगी एकच, ती हरमलला दिली. तिच्या सासरी समुद्राकडे खोल्या आहेत, त्या ते पर्यटकांना भाड्याने देतात, त्यामुळे आमच्यापेक्षा त्यांचं बरं चाललंय. लेक पहिलटकरीण, म्हणून ओटी भरून आम्ही तिला घरी आणली. पहिलं बाळंतपण माहेरचं. खर्च माहेरचा, आणि काही उणं झालं तर बोलही माहेरालाच. तिला घरी आणल्यापासून मला रात्री नीट झोप नव्हती.

गणपतीची चवथ होऊन गेली होती. तपासणीला नेली तेव्हा अजून वेळ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानंतर एके दिवशी विहीणबाई मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आल्या. उतरल्या तशा अंगणातूनच बोलू लागल्या.

"विहीणबाय, तुमी काय करूचा नाय तां माका म्हायत आसा. म्हणान मीच घेवन इलंय."

पिशवीतून त्यांनी मोहरीची उशी काढली. तळहाताएवढी, लाल खणाची. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली अशी उशी ठेवतात. मोहरीचे दाणे डोक्याप्रमाणे सरकतात आणि डोकं चपटं न होता गोल राहतं, असं आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या सांगतात. माझी लेकही अशाच उशीवर वाढली. खरं म्हणजे मीही एक शिवायला घेतली होती, पण ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

त्यांच्या उशीची शिवण एका बाजूने उसवली होती. अंगणापासून माजघरापर्यंत मोहरीची रांग लागली. लेक भिंतीला टेकून बसली होती, ती हसायला लागली. "आई, तुमच्या उशीला आताच वाट फुटली," ती सासूला म्हणाली.

"हासतंस? उद्या तुझ्या झिलाची टकली नारळासारखी झाली, मगे हास."

त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी गुपचूप सुई घेतली आणि चारी बाजूंनी दुहेरी टाका घातला. गोधडीचा दोरा जाड असतो. तो तुटत नाही.

जावई लगेच हरमलला परतले, विहीणबाई त्या रात्री राहिल्या. सकाळी पदेर पाव देऊन गेला, आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात लेक न्हाणीतून हाक मारत आली. तिचं पाणी गेलं होतं. तिच्या परकरावर मी बघितलं तर पाणी साफ नव्हतं. हिरवट होतं, शेवाळल्या तळ्यासारखं.

"हिरवां कित्यां?" विहीणबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "काल मुळ्याची भाजी खाल्लान, तीच असतली."

मला काही कळत नव्हतं, पण ते भाजीचं नाही एवढं वाटलं. आमच्या ह्यांनी गाडीसाठी फोन लावला. रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन गेली होती, यायला अर्धा तास तरी लागेल म्हणाले. लेकीच्या कळा मात्र थांबायला तयार नव्हत्या. आमच्या घरापासून दोन वळणांवर सरकारी उपकेंद्र आहे, दोन खोल्यांचं. त्या दिवशी तिथे तान्ह्या मुलांना टोचायला सिस्टर आली होती. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून लेकीला तिथे नेली. फोनवाल्यांना सांगितलं, गाडी आता तिथेच आणा.

सिस्टर आमच्या लेकीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. व्हरांड्यात बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, नुकतीच टोचलेली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. सिस्टरने लेकीला आतल्या खाटेवर घेतलं, तपासलं आणि म्हणाली, "आता कुठे न्यायचं नाही. डोकं दिसतंय."

सगळ्यांना तिने बाहेर काढलं, आम्हां दोघींना ठेवलं. "दोघींनी साबणाने हात धुवा. मी सांगेन तेवढंच करायचं." हे बोलताना ती विहीणबाईंकडे बघत होती. विहीणबाईंच्या खांद्याला पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही.

परकर बघून सिस्टरने लेकीला समजावून सांगितलं. "बाळाने आतच शी केलीय, म्हणून पाणी हिरवं. होतं असं. फक्त ती त्याच्या नाकातोंडात असू शकते. तू जोर कर, पुढचं मी बघते."

लेकीने जोर केला. किती वेळ गेला ते मला आठवत नाही. बाळ बाहेर आलं तेव्हा अंगभर हिरवा चिकट थर होता आणि त्याखाली रंग भिजलेल्या कोकमाच्या सालीसारखा. हातपाय लोंबत होते. मुलगा झाला हे आम्ही बघितलं.

बाहेर एक पोर मोठ्याने रडलं.

"रडलां!" लेक म्हणाली. "आई, रडलां मां?"

ते बाहेरचं होतं.

सिस्टरने माझ्या हातात टॉवेल दिला. "मावशी, पुसा. पाठ चोळा, जोराने." मी चोळली. तळवेही चोळले. अंग गरम होतं, पण कसं सांगू, ओल्या कापडासारखं होतं, हाताला उलट जोर लागत नव्हता. टॉवेल लगेच हिरवा झाला, तो तिने खाली टाकला आणि दुसरा घ्यायला लावला. तोपर्यंत तिने नाळेला दोन चाप लावून ती कापली आणि बाळाला खिडकीजवळच्या मेजावर दिव्याखाली ठेवलं.

"पायांक धर आणि उलटां कर गो बाय!" विहीणबाई ओरडल्या. "दोन थापटां मार! आमच्या वेळार तसांच करीत!"

"तसं करायचं नाही," सिस्टर म्हणाली आणि कपाटातून श्वास द्यायची पिशवी काढायला वळली. त्या कपाटाचं दार अडकत होतं. तिने दोनदा ओढलं.

तेवढ्या वेळात विहीणबाईंनी आपल्या पिशवीतून लाल उशी काढली आणि बाळाच्या डोक्याखाली सरकवली. वरून टॉवेलची कड ओढली. मेज कठीण होतं आणि त्यांच्या नातवाचं डोकं उघड्या लाकडावर होतं. मी बघितलं, आणि मला वाटलं, बरं केलं. आमच्यातल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं.

सिस्टर परत आली. रबराचा छोटा गोळा दाबून तिने बाळाच्या तोंडात धरला, मग सोडला. त्यात घाण ओढली गेली. मग नाकात. मग नाकातोंडावर बसेल एवढा मुखवटा ठेवला. त्याला भात्यासारखी पिशवी जोडलेली होती, ती तिने दाबली. ती बाळाच्या छातीकडे बघत होती, म्हणून मीही बघितलं. छाती हलली नाही. परत दाबली. नाही.

"हवा आत जात नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. मुखवटा तिने जरा सरकवून बसवला. नाही. मग तिने बाळाच्या मानेखाली हात घातला आणि तिथेच थांबली.

"ही उशी कुणी ठेवली?"

बाळाची हनुवटी छातीला टेकली होती. पपईच्या पानाचा देठ घेऊन आम्ही लहानपणी पिपाणी वाजवायचो. देठ जरा वाकला की फुंकर पुढे जात नाही, गाल दुखेपर्यंत फुंका. तो देठ मला त्या क्षणी आठवला नाही, तो घरी आल्यावर आठवला. त्या क्षणी फक्त सिस्टरचा हात दिसत होता. तिने उशी झटक्यात ओढली. डोकं मागे कलंडलं, आता हनुवटी जास्तच वर गेली. "इतकीही नको," ती स्वतःशीच पुटपुटली आणि इकडेतिकडे बघितलं. एक टॉवेल घाण होऊन खाली पडला होता, दुसरा बाळाभोवती होता. तिने तीच लाल उशी उचलली, तळव्याने थापून पसरट केली आणि बाळाच्या खांद्यांखाली घातली.

मोहरी सरकली, खांदे जरासे वर आले आणि डोकं सरळ झालं. फार वरही नाही, खालीही नाही. कशाचा तरी वास घेण्यासाठी आपण नाक पुढे करतो ना, तसं.

"मावशी, इकडे या. दोन्ही हातांनी डोकं असंच धरा. हलू द्यायचं नाही."

मी धरलं. माझे हात गोधडी धरायचे, खरखरीत, आणि मधे ते एवढंसं डोकं.

तिने परत तोंडात रबरी गोळा घातला. या वेळी एक दाट गोळी आली, हिरवी-काळी, आणि मागून तार. मग मुखवटा.

"मी मुखवटा बघणार. तुम्ही छाती बघा. वर आली की मोठ्याने सांगा. मोठ्याने, मावशी."

तिने पिशवी दाबली. छाती वर आली. थोडीशीच, पण आली.

"आली," मी म्हणाले.

"ऐकू येत नाही."

"आली!" मी ओरडले. माझ्या उभ्या जन्मात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. आमचे हे व्हरांड्यात होते, त्यांनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं दुसरीच कुणी बाई आत आहे.

तिने दाबलं, मी सांगितलं. "आली." परत दाबलं. "आली." खाटेवरून लेक विचारत होती, "आई, काय आलां? आई, तां रडणा कित्यां?" तिला उत्तर द्यायला मला सवडच नव्हती. मी एकच शब्द बोलत होते. विहीणबाई माझ्या मागे होत्या. त्यांच्या तोंडून देवाचं नावही निघत नव्हतं.

ओठ आधी उजळले. कोकमाचा रंग उतरून जांबाच्या फळासारखा गुलाबी झाला. मग त्याने स्वतःहून एक आचका दिला. सिस्टरचा हात थांबला. परत आचका. मग तो शिंकला. अगदी म्हाताऱ्या माणसासारखा शिंकला, आणि मग रडायला लागला.

बाहेरची पोरं अजून रडतच होती. लेक उठून बसायला बघत होती. "आमचां मां? आई, हां आमचांच मां?"

"आमचांच," मी म्हणाले. मग मी तिथल्या कदेलीवर बसले. खुर्चीवर कुणाच्या तरी पोराचं टोपडं होतं, त्यावर बसले ते मला खूप उशिरा कळलं.

सिस्टरने बाळाला लेकीच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. मग ती भिंतीकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. तिची पाठ हलत होती. वळली तेव्हा चेहरा नेहमीचा होता. विहीणबाईंना म्हणाली, "आजी, उशी छान आहे. जागा चुकली होती."

"माका काय ठावक," विहीणबाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्या रडल्या.

रुग्णवाहिका आली. घाण छातीत गेली असेल तर बाळावर लक्ष ठेवावं लागेल, म्हणून म्हापशाला नेलं. निघायच्या घाईत मी घरच्या वस्तू, ओले कपडे, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि शेजारणीकडे दिलं, आमच्या पडवीत ठेव म्हणून.

म्हापशाला बाळ आधी काचेच्या पेटीत होतं, नाकाला नळी. धाप लागायची. मग नळी गेली, मग पेटी गेली, मग ते अंगावर प्यायला लागलं. इस्पितळाचं बिल काही नव्हतं. पण आम्ही लांबून आलेलो, जवळ खोली घ्यावी लागली, जेवणखाण, गाडीभाडं, ह्यांचा पगार बुडालेला. मी घरून आणलेली पुरचुंडी लवकर संपली. विहीणबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि माझ्या हातात पैसे ठेवले.

"घेवा. मगे बघूया."

मी घेतले. दुसरा इलाज नव्हता. पण पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि मी ते वरपक्षाच्या बटव्यातून करत होते. बाळ वाचल्याच्या आनंदात सुद्धा ते मला टोचत राहिलं.

बाळाला घेऊन घरी आलो तेव्हा दुपार होती. बाळ-बाळंतिणीला आत निजवून मी पडवीतली पिशवी उघडली, कपडे धुवायला काढावे म्हणून. आतून उबट वास आला. लाल उशी सगळ्यांत खाली होती. तिच्यातून पांढऱ्या-हिरव्या कोंबांची दाटी बाहेर आली होती. खणाच्या विणीतून, शिवणीतून, सगळीकडून. ओली होऊन पिशवीत कोंडलेली मोहरी रुजली होती. माझा दुहेरी टाका मात्र कुठे सुटला नव्हता.

मी विहीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, बघितलं, कमरेवर हात ठेवला.

"अगे बाय! ही तर बाळापक्षा आधी वाढाक लागली!"

आम्ही दोघी पडवीत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. म्हापशाच्या सगळ्या दिवसांचं हसू होतं ते. मग त्यांनी ती उशी तशीच उचलून माझ्या परसात, अळवाच्या कडेला, मातीत ठेवली. खण कुजला, मोहरी वाढली. तिची भाजी केली तेव्हा लेकीने दोनदा मागून घेतली.

सिस्टर बाळ बघायला घरी आली तेव्हा विहीणबाई पुन्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी लगेच विचारलं, "गो बाय, आता नवी उशी केली तर डोक्याखाली चलात मां?"

"कुठलीच नको, आजी. सपाट अंथरुणावर, उताणा निजवायचा."

"मगे टकली गोल कशी होतली?"

"आपोआप होते. तुमची झालीय ना?"

"माझी गोल आसा म्हणान कोणी सांगलां तुका?" त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर काढून तिला चपटी बाजू दाखवली. सिस्टरच्या नाकातून चहा आला.

मी शिवायला घेतलेली दुसरी उशी तेव्हा उसवली आणि मोहरी फोडणीच्या डब्यात ओतली.

पैशांचं मात्र मी सोडलं नाही. पावसाळा संपल्यावर गोधड्यांना मागणी असते. साखळीच्या बाजारात एक कापडवाला माझ्या गोधड्या ठेवून घेतो. मी जास्त शिवू लागले. हाती आले की हरमलला नेऊन द्यायची, थोडे थोडे. विहीणबाई दर वेळी चिडत. "ह्यां काय लावल्यात? तुमच्या गोधड्यो माझ्या खोल्यांक देवा, गोरे लोक खूश होतले, हिशोब फिटलो." त्यांचा हेतू चांगला होता. पण मला ते त्यांच्या हातावर ठेवून फेडायचे होते, नोटांनी. ते मी त्यांना समजावून सांगू शकले नाही, म्हणून फक्त मान हलवायची आणि पैसे ठेवून यायची.

परवा शेवटचे घेऊन गेले. नातू आता धरून उभा राहतो, समोर जे दिसेल ते तोंडात घालतो. मी गेले तेव्हा विहीणबाईंच्या ओट्यावर शेजारच्या बायका बसल्या होत्या आणि गोष्ट चालूच होती.

"...आणि मी अशी उशी घातलंय, आणि पोर रडलां! विचारा हेंका, ह्यो थंयच होत्यो."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. एरवी मी हसून खाली बघितलं असतं. नातू माझ्या मांडीवर चढत होता, त्याचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता, लापशीचा वास येणारा.

"उशी त्यांचीच," मी म्हणाले. "पण डोक्याखाली होती तोवर तो रडला नाही. सिस्टरने खांद्याखाली घातली, तेव्हा रडला."

मला वाटलं, आता काय बोलून बसले. विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"तां खरां," त्या शेवटी म्हणाल्या. मग बायकांकडे वळून, "आयकलांत मां? खांद्याखाली. तुमच्या सुनांक सांगा. आणि ही बाय त्या दिसा कशी आराडलेली म्हणान सांगू? आली! आली! मी आपला बघतंय, कोण इलां काय!"

बायका हसल्या. मीही हसले.

बायका गेल्यावर मी पदराची गाठ सोडली आणि पैसे विहीणबाईंसमोर ठेवले. या वेळी त्या चिडल्या नाहीत. अंगठा जिभेला लावून त्यांनी सगळ्या नोटा नीट मोजल्या, बटव्यात घातल्या, नाडी ओढली.

"फिटले, विहीणबाय," त्या म्हणाल्या. "सगळे."